नारळाएवढं डोकं आणि अख्खा प्रशांत महासागर

२७ मे १९४३ रोजी हवाई बेटांवरून अमेरिकेचं एक बी-२४ बॉम्बर उडालं. त्या दिवशी त्याला बॉम्ब टाकायचे नव्हते. त्याच जातीचं दुसरं एक विमान समुद्रावर बेपत्ता झालं होतं, त्याचा माग काढायचा होता. झालं असं की, शोधायला गेलेल्या विमानाचंच इंजिन बंद पडलं आणि तेही समुद्रात कोसळलं. अकरा जणांपैकी तिघे वाचले. त्यातला एक होता लुई झाम्परिनी, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर धावलेला धावपटू. रबरी तराफ्यावर ४७ दिवस काढून, वाटेत एक साथीदार गमावून, उरलेले दोघे वाहत वाहत मार्शल बेटांपाशी पोचले आणि जपान्यांच्या हाती लागले. सुरुवातीच्या दिवसांत आपलं विमान डोक्यावरून जाताना त्यांनी पाहिलं होतं. विमानातून मात्र ते कुणाला दिसले नाहीत.

दुसऱ्या महायुद्धातल्या समुद्री बचावकार्याची अख्खी अडचण या एका प्रसंगात आहे. खालच्या माणसाला वरचं विमान दिसतं, ऐकूही येतं. वरच्याला खालचं काही म्हणजे काही दिसत नाही. पाण्यात माणसाचं फक्त डोकं वर असतं, म्हणजे जेमतेम एका नारळाएवढा ठिपका. गेटवेहून मांडव्याला जाताना लाँचमधून एखादा तरंगता नारळ किती अंतरावर दिसेनासा होतो ते कधी बघा. आता तीच नजर ३०० मीटर उंचीवरून, ताशी २०० किलोमीटर वेगानं जाणाऱ्या विमानातून टाका. खाली हजारो लाटा, प्रत्येकीच्या माथ्यावर पांढरा फेस, वर उन्हाची तिरीप. असं सहा-सात तास बघत राहायचं.

मला या विषयात सर्वांत जास्त गुंतवून ठेवतं ते यातलं गणित. शौर्याच्या कथा पुष्कळ आहेत आणि त्या पुढे येतीलच, पण वैमानिक जगले ते मुख्यतः एका गोष्टीमुळे: कुणीतरी आधीच बसून समुद्र लहान करून ठेवला होता. म्हणजे काय, ते सांगतो.

समजा विमान कुठे पडलं याची माहिती आपल्याला आहे, पण तिच्यात दहा किलोमीटर इकडे-तिकडे अशी चूक असू शकते. त्या काळी अथांग पाण्यावर, सूर्य-तारे आणि घड्याळ यांच्या आधारानं जागा काढणाऱ्यांसाठी ही चूक काही मोठी नव्हे. दहा किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे ३१४ चौरस किलोमीटर, साधारण अर्धी मुंबई. आता धरा की माणूस ताशी दीड किलोमीटर वेगानं वाहतोय आणि कुठल्या दिशेनं ते नक्की नाही. एका दिवसानं त्रिज्या होते ४६ किलोमीटर आणि क्षेत्रफळ साडेसहा हजार चौरस किलोमीटरच्या वर, जवळजवळ रायगड जिल्ह्याएवढं. तीन दिवसांनी हाच हिशेब सगळ्या कोकण विभागाला मागे टाकतो. दिवस तिप्पट झाले की शोधायची जागा सहापटीहून जास्त होते. ‘पहिल्या दिवशी सापडला तर सापडला’ या म्हणण्यामागे हे असं साधं वर्तुळ आहे.

वाहण्याचाही अंदाज बांधता येतो, पण त्यात खोच आहे. वाऱ्यानं होडी कशी सरकते हे कुठल्याही तांडेलाला शिकवावं लागत नाही. भरलेली होडी आणि रिकामी होडी एकाच वाऱ्यात वेगळ्या चालतात. तसंच इथे. लाइफ जॅकेट घालून पाण्यात असलेला माणूस जवळजवळ पूर्णपणे प्रवाहाबरोबर जातो. तराफ्याचा बराचसा भाग पाण्याच्या वर असतो, त्यामुळे तो वाऱ्याचंही ऐकतो. रिकामा तराफा तर पतंगासारखा पुढे पळतो. म्हणजे एकाच विमानातले तिघे एकाच क्षणी पाण्यात पडले, तरी संध्याकाळपर्यंत तीन वेगळ्या जागी असू शकतात. शोध घेणाऱ्याला रिकामा तराफा दिसला, तर माणूस जवळच असेल असं समजण्यात फसगत होते.

मग शोधायचं कसं? सर्वांत सोपी रीत शेत नांगरण्याची. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ जायचं, थोडं सरकायचं, परत उलट यायचं. दोन फेऱ्यांमधलं अंतर नजरेच्या पल्ल्यावरून ठरवायचं. जागा बऱ्यापैकी ठाऊक असेल तर दुसरी रीत: त्या बिंदूवरून निघून चौकोनी वळणं घेत बाहेर बाहेर जायचं, अंगणातल्या रांगोळीच्या वाढत्या चौकटीसारखं. कागदावर दोन्ही रीती सोप्या आहेत. प्रत्यक्षात ‘हा पट्टा बघून झाला’ याचा अर्थ ‘इथे कुणी नाही’ असा होत नाही, आणि हे ध्यानात यायला गणितज्ञ लागले. अमेरिकी नौदलासाठी काम करणाऱ्या बर्नार्ड कूपमन यांनी युद्धकाळात शोध घेण्याचंच एक शास्त्र उभं केलं. दिसण्याची शक्यता अंतराबरोबर कशी झपाट्यानं घटते, आणि हातातले विमानांचे तास कुठे खर्च केले तर फळ मिळेल, हे त्यांनी आकड्यांत मांडलं. एका फेरीत दिसण्याची शक्यता ६० टक्के असेल, तर तोच पट्टा दुसऱ्यांदा बघितल्यावर ती ८४ टक्क्यांवर जाते. आळस म्हणून नव्हे, हिशेब म्हणून तिथेच पुन्हा फिरायचं. आजही बेपत्ता जहाज-विमानांचा शोध याच पायावर चालतो.

हे झालं वरच्या माणसाचं. खालच्या माणसानं स्वतःला नारळाहून मोठं करायचं असतं.

त्यासाठी त्याच्याजवळ काय काय होतं, ते बघण्यासारखं आहे. अंगात फुगणारं पिवळं जॅकेट, ज्याला वैमानिक तेव्हाच्या एका भरदार बांध्याच्या नटीवरून ‘मे वेस्ट’ म्हणत. दोरी ओढली की छोट्या नळकांड्यातला कार्बन डायऑक्साइड ते फुगवायचा. जॅकेटला एक पुडी लटकवलेली असे, फ्लुरोसीन रंगाची. ती पाण्यात सोडली की भोवती हिरवट-पिवळा चकाकता डाग पसरतो. वरून बघणाऱ्याला डोकं दिसत नाही, पण हा डाग दिसतो. नारळाचं एकदम अंगण होतं. तोटा एवढाच की डाग हळूहळू विरून जातो, म्हणून विमान ऐकू आल्यावरच पुडी फोडायची, आधी नाही. भेदरलेल्या, खारट पाण्यानं डोळे सुजलेल्या माणसाकडून हा संयम अपेक्षित होता.

त्याहून भारी वस्तू म्हणजे आरसा. आरशानं कवडसा पाडायला काय लागतं, असं वाटेल. पण कवडसा आकाशातल्या हलत्या विमानावर पाडायचा तर नेम धरावा लागतो, आणि आरशात बघून नेम धरता येत नाही. म्हणून आरशाच्या मधोमध भोक ठेवलं. भोकातून विमान बघायचं आणि मागच्या बाजूला, आपल्याच चेहऱ्यावर किंवा हातावर पडलेला उन्हाचा ठिपका भोकाशी जुळवायचा, की कवडसा विमानावर गेलाच समजा. बॅटरी नाही, बिघडण्यासारखं काही नाही आणि स्वच्छ उन्हात कित्येक किलोमीटरवरून लखलखाट दिसतो. ही वस्तू आजच्या जीवरक्षक पेटीतही जवळजवळ तशीच असते.

मोठ्या विमानांच्या तराफ्यांत हातानं फिरवायचा रेडिओ असे. मधे अरुंद, डमरूसारखा, दोन मांड्यांत घट्ट धरता यावा असा. एका चित्रकाराच्या सिंहकटी नायिकांवरून त्याला ‘गिब्सन गर्ल’ म्हणत. हँडल फिरवलं की तो आपोआप एसओएस पाठवायचा, पण एरियल उंच न्यायला पतंग किंवा फुगा उडवायला लागे. चार दिवस उपाशी माणसांनी हलत्या तराफ्यावरून पतंग उडवायचा! मला वाटतं, ही कल्पना ज्यानं काढली त्यानं बालपणी भरपूर पतंग उडवले असणार.

पाण्याचा प्रश्न वेगळाच. समुद्राचं पाणी प्यायल्यानं तहान वाढतेच. त्यातलं मीठ बाहेर टाकायला शरीराला प्यायल्यापेक्षा जास्त पाणी खर्चावं लागतं. मारिया टेल्केस या शास्त्रज्ञ बाईंनी त्यावर उन्हावर चालणारा फुग्यासारखा ऊर्ध्वपातक तयार केला. खारं पाणी आत भरून तो तरंगत ठेवायचा, वाफ आतल्या आवरणावर थंड होऊन गोडं पाणी खाली साठतं. शार्कला पळवण्यासाठी कॉपर अॅसिटेट आणि काळा रंग यांची वडीही दिली जाई. तिचा शार्कवर परिणाम बेतासबात होता. माणसाला मात्र धीर यायचा, आणि तीही काही थोडी गोष्ट नव्हती.

तराफ्याबरोबर एक ताडपत्री असे. एका बाजूनं पिवळी, दुसऱ्या बाजूनं निळी. आपलं विमान आलं तर पिवळी बाजू वर. जपानी आलं तर निळी बाजू वर घेऊन खाली गुपचूप पडून राहायचं. लांबून येणारी घरघर कुणाची आहे, हे ओळखण्यावर जीव ठरत होता.

आता मुख्य गोष्ट. वर सांगितलेलं सगळं करूनही वर्तुळ मोठं व्हायचं ते होतंच. त्यावर एकच जालीम उपाय आहे: माणूस पडायच्या आधीच त्याच्या जवळ कुणीतरी जाऊन थांबायचं. १९४२ मध्ये ही व्यवस्था फारशी नव्हती. जानेवारी १९४२ मध्ये ‘एंटरप्राइझ’ या विमानवाहू जहाजाचं विमान इंधन संपून उतरलं. त्यातले तिघे आठ फूट बाय चार फुटांच्या तराफ्यावर, अन्न-पाण्याशिवाय, पाऊस आणि हाताला लागेल ते पकडून ३४ दिवसांनी स्वतःच पुकापुका बेटावर पोचले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पहिल्या महायुद्धातला नामांकित वैमानिक एडी रिकनबॅकर आणखी सात जणांसह समुद्रात उतरला. ते २४ दिवस तरंगत होते, एक दगावला. इतका मोठा माणूस हरवल्यावर शोधात कसर ठेवली गेली नव्हती. तरी २४ दिवस.

१९४३ च्या उत्तरार्धात चित्र बदलू लागलं. विमानवाहू जहाजांनी जपानी बेटांवर धाडी घालायला सुरुवात केली, तेव्हा मागणी आली की धाडीच्या वेळी जवळपास एक पाणबुडी उभी ठेवा. पाणबुड्यांचे प्रमुख चार्ल्स लॉकवूड यांनी ती मानली. तिथून ‘लाइफगार्ड’ पाणबुड्यांची रीत पडली. धाडीला निघण्याआधी वैमानिकांना सांगितलं जाई की पाणबुडी अमुक बेटाच्या अमुक बाजूला, इतक्या अंतरावर असेल. खुणेच्या जागांना टोपणनावं दिलेली असत. त्यामुळे ‘अमुक जागेपासून इतके मैल, या दिशेला’ एवढं रेडिओवर उघड बोललं तरी शत्रूला पत्ता लागत नसे. विमान जखमी झालं की वैमानिकानं घर गाठायचा हट्ट न धरता पाणबुडीकडे वळायचं. जोडीदार विमान वर घिरट्या घालून जागा धरून ठेवी. बघा, शोध जवळजवळ उरतच नाही. रायगड जिल्ह्याएवढं वर्तुळ गावाच्या शिवाराएवढं होतं.

पाणबुडीसाठी हे काम तिच्या स्वभावाविरुद्धच. तिची सगळी ताकद लपण्यात, आणि इथे तिला दिवसाढवळ्या शत्रूच्या किनाऱ्यासमोर पाण्यावर येऊन उभं राहायचं. ऑक्टोबर १९४३ मध्ये वेक बेटापाशी ‘स्केट’नं सहा वैमानिक उचलले. त्याच कामात तिच्यावर जपानी विमानानं गोळ्या झाडल्या आणि एक अधिकारी प्राणाला मुकला. १ एप्रिल १९४४ ला वोलेआई बेटाशी ‘हार्डर’चा कप्तान सॅम डीली यानं तर पाणबुडीचं नाक प्रवाळाच्या खडकाला टेकवलं आणि पंखे फिरते ठेवून तिला तिथेच दाबून धरलं. तिघे स्वेच्छेनं दोरी आणि रबरी होडी घेऊन उतरले आणि किनाऱ्याच्या झाडीतून नेमबाजी चालू असताना जॉन गॅल्विन या वैमानिकाला घेऊन आले. प्रवाळ पाणबुडीचं पोट फाडू शकतं हे डीलीला ठाऊक नसेल असं थोडंच आहे.

महिनाभरानं ‘ट्रक’ नावाच्या जपानी ताब्यातल्या बेटांवरच्या हल्ल्यात रिचर्ड ओकेन याच्या ‘टँग’ पाणबुडीनं दोन दिवसांत २२ जण उचलले. त्यात एक गमतीदार मदतनीस होता: ‘नॉर्थ कॅरोलायना’ या युद्धनौकेचं छोटं किंगफिशर तरंगतं विमान. त्याच्या वैमानिकानं पाण्यावर उतरून इतक्यांना चढवलं की उडणं अशक्य झालं. पंखांवर माणसं बसवून त्यानं विमान होडीसारखं पाण्यावरूनच पाणबुडीपर्यंत हाकत नेलं. सगळे पाणबुडीत उतरल्यावर लाटांनी खिळखिळं झालेलं ते विमान तोफेनं बुडवून टाकलं.

सप्टेंबर १९४४ मध्ये चिचिजिमा बेटाजवळ २० वर्षांचा एक वैमानिक पाण्यात पडला. त्याच्या विमानातले दोन्ही साथीदार गेले. वारा त्याचा तराफा बेटाकडेच ढकलत होता आणि तो हातांनी उलट वल्हवत होता. काही तासांनी समोर ‘फिनबॅक’ पाणबुडी वर आली. त्यापुढे महिनाभर तो पाणबुडीतच राहिला, कारण पाणबुडी टॅक्सी नव्हे. तिची गस्त संपेपर्यंत ती माघारी फिरणार नव्हती. पाण्याखाली वरून बॉम्ब फुटतानाचे हादरेही त्यानं सोसले. हा वैमानिक पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, थोरला जॉर्ज बुश. युद्ध संपेपर्यंत अमेरिकी पाणबुड्यांनी उचललेल्या वैमानिकांची संख्या ५०४ झाली.

पण पाणबुडी संथ, आणि सगळीकडे पुरायची कशी? तिथे कॅटलीना आली. दोन इंजिनांचं, उंच पंखाचं, होडीसारख्या पोटाचं हे विमान दिसायला अगदीच बेढब होतं आणि वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास. लढाऊ विमानवाले त्याची टिंगल करत. मात्र ते हजारो किलोमीटर उडू शकायचं, त्याच्या दोन्ही कुशींना काचेचे मोठे फुगवटे होते, तिथून बघता यायचं आणि तिथूनच माणूस आत ओढून घेता यायचा. बचावाच्या कामावर असलेल्या विमानाला ‘डंबो’ हे नाव पडलं, डिस्नेच्या कानांनी उडणाऱ्या हत्तीच्या पिल्लावरून. नाव प्रेमानंच पडलं असणार. पाण्यात पडलेल्याला तो हत्ती गजेंद्रमोक्षातल्या विष्णूसारखा वाटत असेल.

कॅटलीना पाण्यावर उतरते हे खरं, पण ती बनली होती खाडीच्या, बंदरातल्या शांत पाण्यासाठी. भर समुद्रात उतरणं ही वेगळी विद्या. लांबून येणाऱ्या मोठ्या लाटा एकामागून एक चालत असतात. त्यांना आडवं छेदून उतरलं तर विमान पहिल्या लाटेवरून उसळतं आणि दुसरीत नाक खुपसतं. म्हणून लाटांच्या रांगेला समांतर, शक्यतो लाटेच्या पाठीवर, वेग कमीत कमी करून टेकायचं. पण वारा लाटांशी समांतर असेलच असं नाही, आणि विमानाला उतरताना-उडताना वारा समोरून हवा. या दोन्हींत तडजोड करत ज्यानं निर्णय घ्यायचा त्याला काही सेकंद मिळतात. पाण्याचा तडाखा एवढा की पत्र्याचे रिव्हेट निघून येतात. मग आतले लोक भोकांत पेन्सिली ठोकत बसतात. पुन्हा उडणं तर उतरण्यापेक्षा कठीण, कारण आता वजन वाढलेलं असतं. नंतरच्या मरीनर जातीच्या मोठ्या विमानांना यासाठीच कुशीला छोटे रॉकेट लावत.

ही विद्या आणि नशीब दोन्ही १५ फेब्रुवारी १९४४ ला नेथन गॉर्डनच्या कामी आलं. न्यू आयर्लंड बेटावरच्या काविएंगवर अमेरिकी बॉम्बरांचा हल्ला झाला, काही विमानं बंदराबाहेर पडली. गॉर्डन आपली कॅटलीना घेऊन, किनाऱ्यावरून तोफा चालू असताना, तीनदा उतरला आणि नऊ जणांना उचलून परतीला लागला. वारा जवळजवळ पडलेला, लाटा मोठ्या, विमान जड. तेवढ्यात निरोप आला की किनाऱ्यापासून सहाशे यार्डांवर आणखी एक तराफा आहे. तो फिरला, चौथ्यांदा उतरला, सहा जणांना घेतलं आणि पंधरा जादा माणसांसह उडाला. अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक त्याला मिळालं. युद्धानंतर तो आर्कान्सा राज्याचा उपराज्यपाल झाला आणि वीस वर्षं त्या पदावर राहिला. माझ्या मते गॉर्डनच्या गोष्टीतला सर्वांत धाडसाचा क्षण चौथ्यांदा उतरण्याचा नसून, विमान मागे वळवण्याचा आहे. उतरताना विचाराला वेळ नसतो, वळवताना असतो.

सुरुवातीला हे ज्याला जमेल त्यानं करायचं काम होतं. १९४४ पासून खास तुकड्या उभ्या राहिल्या. अमेरिकी लष्कराच्या हवाई दलानं ‘इमर्जन्सी रेस्क्यू स्क्वाड्रन’ काढल्या आणि त्यांना कॅनडात बांधलेल्या कॅटलीना दिल्या. नौदलानं मरीनर विमानांच्या वेगळ्या बचाव स्क्वाड्रन केल्या, ओकिनावाच्या लढाईत त्यांचा कस लागला. ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलानंही आपल्या तुकड्या उभारल्या. आता विमान पाठवायचं की पाणबुडी, आणि कुठल्या जागी, हे ठरवणारी एकच जागा, एकच नकाशा असावा हे लोकांना पटू लागलं होतं. त्याआधी लष्कर आणि नौदल यांच्यात हे काम कुणाचं यावरून ओढाताण चालायची.

या व्यवस्थेची खरी कसोटी लागली बी-२९ या लांब पल्ल्याच्या बॉम्बर विमानांच्या वेळी. नोव्हेंबर १९४४ पासून ही विमानं मारियाना बेटांवरून जपानवर जाऊ लागली. एका दिशेला सुमारे २,४०० किलोमीटर, सगळं समुद्रावरून. गोळी लागलेलं किंवा इंधन संपत आलेलं विमान परतीच्या वाटेवर कुठेही पडू शकतं. म्हणून त्या वाटेवर मैलांच्या दगडांसारखे पहारे बसवले गेले: जपानच्या किनाऱ्याजवळ पाणबुड्या, त्यांच्यावर बचावासाठीच नेमलेली बी-२९ म्हणजे ‘सुपर डंबो’, पुढे मरीनर आणि कॅटलीना, तळाजवळ जहाजं. काही बी-१७ विमानांच्या पोटाखाली तर अख्खी होडीच टांगलेली असे. २७ फूट लांब, प्लायवूडची, इंजिनं, शिडं, अन्नपाणी असलेली, तीन पॅराशूटांनी खाली सोडायची. मूळ कल्पना ब्रिटिशांची, नौकारचनाकार उफा फॉक्सची. आपण माणसाला शोधून थांबायचं नाही, त्याच्या हातात होडीचं सुकाणूच द्यायचं. सुरुवातीच्या महिन्यांत समुद्रात उतरलेल्या बी-२९ मधल्या फार थोड्यांचा पत्ता लागे. शेवटपर्यंतचा एकूण हिशेब केला तर पाण्यात गेल्याचं निश्चित कळलेल्यांपैकी जवळपास निम्मे वाचले.

एवढा खर्च कशासाठी? माणुसकी हे एक उत्तर, आणि ते खोटं नाही. दुसरं उत्तर कोरडं आहे. विमान कारखान्यात काही आठवड्यांत होतं, वैमानिक व्हायला वर्षाहून जास्त लागतं, आणि अनुभवी वैमानिक व्हायला लढाईतून जिवंत परत यावं लागतं. जपाननं याची किंमत मोजली. १९४२ मध्ये त्यांचे निष्णात वैमानिक रबाऊलच्या तळावरून ग्वादालकॅनल बेटापर्यंत हजारभर किलोमीटर जाऊन तेवढंच परत येत. वाटेत पडलेल्यांना उचलायचे प्रयत्न झाले, तरंगती विमानं पाठवली गेली, पण अशी सर्वत्र पसरलेली व्यवस्था कधी उभी राहिली नाही. जून १९४४ मध्ये फिलिपीन समुद्राच्या लढाईत अमेरिकेची सुमारे ८० विमानं अंधारात इंधन संपून पाण्यात पडली किंवा उतरताना मोडली. त्यातली बहुतेक माणसं पुढच्या काही दिवसांत विध्वंसिका आणि तरंगत्या विमानांनी उचलली आणि ती पुन्हा उडाली. आपण वाचवले जाऊ, असं वाटणारा वैमानिक जास्त लांब जातो, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं.

तरीही या व्यवस्थेला एक भोक होतं, आणि ते सर्वांत शेवटी दिसलं. ३० जुलै १९४५, मध्यरात्र नुकती उलटलेली. अणुबॉम्बचे भाग तिनियन बेटावर पोचवून परतलेली ‘इंडियानापोलिस’ ही क्रूझर ग्वामहून फिलिपिन्समधल्या लेटे बेटाकडे चालली होती. जपानी पाणबुडीचे दोन टॉर्पेडो लागले आणि बारा मिनिटांत ती बुडाली. सुमारे १,२०० पैकी ९०० जण पाण्यात. वैमानिकांसाठी इतकी जय्यत तयारी, पण हे होते खलाशी, आणि ते हरवलेत हेच कुणाला कळलं नाही. ठरल्या दिवशी जहाज बंदरात आलं नाही, तर युद्धनौका आहे, दुसरीकडे वळवली असेल, असं गृहीत धरलं गेलं. वर्तुळ काढायला मध्यबिंदूच नव्हता. २ ऑगस्टला गस्तीवरच्या एका व्हेंचुरा विमानाचा वैमानिक विल्बर ग्विन मागे लोंबणाऱ्या एरियलची दुरुस्ती बघायला गेला, सहज खाली नजर गेली आणि त्याला तेलाचा तवंग दिसला.

पलाऊतल्या पेलेलिऊ बेटावरून एड्रियन मार्क्स कॅटलीना घेऊन निघाला. भर समुद्रात उतरायचं नाही असा हुकूम होता. वरून तराफे टाकताना त्यानं शार्क माणसांवर तुटून पडताना पाहिले, विमानातल्या सगळ्यांना विचारलं आणि बारा फुटी लाटांत उतरला. गटात असलेल्यांना सोडून तो एकेकटे तरंगणारे शोधत फिरला, कारण रात्री तेच पहिले जाणार होते. आतली जागा संपली तेव्हा माणसं पंखांवर झोपवून पॅराशूटच्या दोऱ्यांनी बांधली. ५६ जण झाले. विमान आता उडू शकणार नव्हतं. मार्क्सनं येताना वाटेत ‘सेसिल डॉइल’ या जहाजाला रेडिओवरून हकिकत सांगितली होती आणि तिचा कप्तान ग्रॅहम क्लेटर हुकमाची वाट न बघता वळला होता. रात्री पोचताना त्यानं शोधदिवा सरळ आकाशात रोखला, कुणी ऐकत-बघत असलं तर कळावं म्हणून. शत्रूची पाणबुडी तिथे असू शकत होती. पाण्यातल्या माणसांना ढगांवर पडलेला तो उजेड दिसला आणि पुष्कळांनी त्यावर रात्र काढली. एकूण ३१६ वाचले.

मार्क्सच्या विमानातले ५६ जण जहाजावर घेतले गेले. रिव्हेट निघालेली, पंखांचं कापड फाटलेली कॅटलीना सकाळी तिथेच उरली. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून जहाजानं तिच्यावर तोफा डागल्या.